पाचवा फाउल आणि नंतरची तीन मिनिटं

आम्ही २४ रेफरी गेलो होतो त्या बास्केटबॉल स्पर्धेला. टीम १६, चार ग्रुप, मग क्वार्टर फायनल, सेमी, फायनल, आठ दिवसांचा कारभार. प्रेक्षकांना वाटतं रेफरी म्हणजे बोर्ड, खुर्च्या, घड्याळ यांच्यासारखे आणून ठेवलेले, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच. तसं नसतं हो. ग्रुपच्या मॅचेस संपल्या की २४ चे १२ होतात, क्वार्टर फायनल झाली की १२ चे ६, आणि फायनलला तिघं. बाकीचे बॅगा भरतात. टीमचा निदान स्कोअर तरी दिसतो बोर्डवर, आमचा स्कोअर आम्हाला मार्क देणाऱ्या निरीक्षकांच्या लॅपटॉपमध्ये असतो आणि तो आपल्याला लिस्ट लागल्यावरच कळतो.

मी त्या वर्षी १२ मध्ये होतो, ६ मध्ये नव्हतो. का नव्हतो ते लिहितोय, कारण मला स्वतःला ते समजायला बराच वेळ लागला आणि त्यातलं काही काही अजूनही पटलेलं नाही.

पहिला दिवस टेस्टचा. २० मीटर शटल रन, पुरुषांना ८६ फेऱ्या, बायकांना ६६, मग नियमांचा पेपर. शटल रनमध्ये मी ८० नंतर नेहमीच देवाचं नाव घ्यायला लागतो पण झालं, सुटलो. रात्री ग्रुपवर दुसऱ्या दिवसाची लिस्ट आली. कुठली मॅच, किती वाजता, क्रू चीफ म्हणजे तिघांतला मुख्य रेफरी कोण, अंपायर एक कोण, अंपायर दोन कोण.

ही लिस्ट वाचणं म्हणजे एक वेगळं शास्त्र आहे. बाहेरच्याला ती नुसती नावांची यादी वाटेल पण आम्ही ती पत्रिका वाचल्यासारखी वाचतो. सकाळी नऊची मॅच आणि दोन्ही टीम तळाच्या, म्हणजे तुमच्याबद्दल अजून खात्री नाही किंवा काल काहीतरी बिनसलंय. संध्याकाळची मॅच, दोन तगड्या टीम, सोबत अनुभवी क्रू चीफ, म्हणजे तुम्हाला तपासून बघतायत, नीट रहा. आणि ज्या दिवशी नावच नाही त्या दिवशी सगळे म्हणतात अरे विश्रांती दिलीये, आणि ज्याला विश्रांती मिळालीये त्याला रात्री झोप लागत नाही.

मला मॅचेसच्या पहिल्याच दिवशी संध्याकाळची मॅच मिळाली. चांगली गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा संध्याकाळची, आणि तिथे ती पहिली चूक झाली.

क्रू चीफ म्हणून एक सीनियर दादा होते, मी अंपायर एक, आणि अंपायर दोन म्हणून एक नवीन मुलगी, वयाने माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, पण शिट्टी एकदम ठाम. तिसरा क्वार्टर चालू होता. पांढऱ्या टीमचा ७ नंबर शॉट मारताना धक्का बसून पडला, तिने सेंटरवरून म्हणजे बाजूच्या रेषेजवळच्या रेफरीच्या जागेवरून फाउल दिला, बरोबर कॉल, टेबलला जाऊन रिपोर्ट केला, दोन फ्री थ्रो. मी लीडला म्हणजे बास्केटखाली, बॉल माझ्या हातात. ७ नंबर कोपर चोळत उठतोय, दोघातिघांनी त्याला हात दिला, गर्दी झाली, आणि त्या गर्दीतून ११ नंबर बाहेर आला आणि सरळ फ्री थ्रो लाइनवर जाऊन उभा राहिला. इतक्या आत्मविश्वासाने की मी त्याला दोन बोटं दाखवली आणि बॉल दिला. पहिला आत. दुसरा आत. का नाही जाणार, त्यांचा सगळ्यात भारी शूटर होता तो.

समोरच्या टीमने थ्रो-इन घेतला, वर गेले, साइडलाइनला बॉल बाहेर गेला, पार्टनरने पुन्हा थ्रो-इनला बॉल दिला, आणि त्याच वेळी माझी नजर ७ नंबरवर गेली. तो अजून कोपर चोळत होता. पोटात गोळा आला अक्षरशः. फाउल याच्यावर झाला होता ना, मग शॉट त्याने का मारले?

चुकीच्या माणसाने फ्री थ्रो मारणं ही फिबाच्या म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या नियमात दुरुस्त करता येणारी चूक आहे. पण मुदत असते. चुकीनंतर घड्याळ सुरू झालं, मग पहिल्यांदा बॉल डेड झाला म्हणजे खेळ थांबला, तो बॉल परत लाइव्ह म्हणजे खेळात यायच्या आत लक्षात आलं तर ते दोन पॉइंट रद्द करता येतात आणि बॉल समोरच्यांना. माझ्या बाबतीत बॉल थ्रो-इनवाल्याच्या हातात पडला होता. म्हणजे दार बंद झालं त्यानंतर दोन सेकंदांनी मला जाग आली. पुढच्या टाइम-आउटला दादांना सांगितलं. ते म्हणाले, "वेळ गेली. पॉइंट राहतील. आता विसर, मॅच काढ." टेबलच्या लक्षात आलं नव्हतं, कोचच्याही नाही, समोरच्या कोचच्या लक्षात आलं असतं तर त्याने छत डोक्यावर घेतलं असतं.

रात्री निरीक्षक सरांसमोर बसल्यावर त्यांनी विचारायच्या आधीच दादांनी सांगून टाकलं. मला वाटलं होतं आता मला झापतील. सरांनी तिघांनाही सारखंच धरलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: फाउल होता की नव्हता ही एकाची नजर असते, तिथे एकाचा मार्क जातो, पण फ्री थ्रो कोण मारतंय, टीम फाउल किती, शॉट क्लॉकला म्हणजे शॉट मारायच्या मुदतीच्या घड्याळाला २४ सेकंद द्यायचे की १४, हे तिघांचं काम आहे आणि नियम माहीत असणाऱ्याने ते चुकवायचं कारणच नाही. तीन माणसं कोर्टवर, चार-पाच टेबलवर, आणि एवढ्या सगळ्यांना ७ आणि ११ मधला फरक कळला नाही?

यावर काय बोलणार.

खरं तर मोठ्यामोठ्यांचं होतं हे. २०२२ च्या युरोबास्केटमध्ये जर्मनी-लिथुआनिया मॅचला जर्मनीच्या कोचला टेक्निकल म्हणजे वागणुकीचा फाउल दिला गेला आणि त्याचा लिथुआनियाला मिळणारा फ्री थ्रो मारायचा राहूनच गेला. मारलाच नाही कुणी. मॅच दोन ओव्हरटाइमपर्यंत गेली, जर्मनी १०९-१०७ ने जिंकली, लिथुआनियाने प्रोटेस्ट केला तो फेटाळला गेला. एक फ्री थ्रो, आणि मॅच ओव्हरटाइमला गेलेली. बरोबरीत सुटलेल्या ४० मिनिटांत तो एक पॉइंट कुठे बसला असता याचा विचार केला की अंगावर काटा येतो. त्या रात्री मी हेच उदाहरण स्वतःला समजवायला वापरत होतो की बघ, तिथे पण होतं. पण तेवढ्याने बरं वाटत नाही, करून बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या मीटिंगमध्ये ती क्लिप लावली. नाव घेतलं नाही, पण कोर्टवर आम्ही तिघंच दिसतोय तर नाव कशाला घ्यायला हवं. आणि तिसऱ्या दिवशीच्या लिस्टमध्ये मी सकाळी नऊच्या मॅचला, आणि त्या मुलीचं नावच नाही. तिने बरोबर फाउल दिला होता, बरोबर रिपोर्ट केला होता. चूक बॉल देणाऱ्याची, म्हणजे माझी. फार तर एवढंच की रिपोर्ट करून आल्यावर तिने शूटरकडे बोट दाखवायला हवं होतं. मी तिला म्हणालो सॉरी गं माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, "दादा, ११ लाइनवर आला तेव्हा मी पण बघत होते." एवढंच. मला ते जास्त लागलं.

म्हणजे हा एक भाग लोकांना माहीत नसतो, की पार्टनर कोण मिळतो यावर पण तुमचं पुढे जाणं अवलंबून असतं, आणि तुम्ही स्वतः कुणाच्या तरी वाट्याला आलेला वाईट पार्टनर असू शकता.

तिसऱ्या दिवशी सकाळची मॅच ठीकठाक, चौथ्या दिवशी परत संध्याकाळ. तेवढ्यावरून अंदाज आला की एकदम फुली मारलेली नाही. त्यात एक गंमत झाली, सांगायला जरा लाज वाटते पण सांगतो. आपण ज्या संघटनेकडून येतो तिची टीम स्पर्धेत असेल तर तिच्या मॅचेस आपल्याला मिळत नाहीत, आणि ती टीम पुढे गेली की तिच्या वाटेत येणाऱ्या मॅचेसमधूनही आपलं नाव आपोआप गळतं. त्यामुळे दर स्पर्धेत काही रेफरी असे असतात की ज्यांना मनातून वाटत असतं आपली टीम ग्रुपमध्येच गार झाली तर बरं. आमची टीम तिसऱ्या दिवशी बाहेर गेली. पोरं ओळखीची, त्यातल्या दोघांना मी शाळेच्या वयापासून बघतोय, ती रडत होती आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा, आणि डोक्यात एका कोपऱ्यात हिशोब चालू, चला, रस्ता मोकळा झाला. असला माणूस होतो मी त्या आठवड्यात.

१२ ची लिस्ट लागली. माझं नाव होतं. त्या मुलीचंही होतं, एक दिवस बसवून नंतर दोन अवघड मॅचेस दिल्या होत्या तिला आणि तिने दोन्ही काढल्या. दुसऱ्या दिवशीची चूक आम्हा दोघांनाही नडली नाही. ती होती, मोजली गेली, आणि पुढच्या मॅचेसनी तिच्यावर माती टाकली.

आता क्वार्टर फायनल.

चौथा क्वार्टर, घड्याळात ३:२० बाकी, पांढरे ६१, निळे ६०. निळ्यांचा ९ नंबर म्हणजे त्यांचा सेंटर, बास्केटजवळ खेळणारा दांडगा पोरगा, चार फाउल झालेले. मी लीडला. पांढऱ्यांचा ४ नंबर बेसलाइनच्या बाजूने आत घुसला, माझ्या आणि त्याच्या मध्ये निळ्यांचाच एक डिफेंडर, त्याची पाठ माझ्याकडे. मला दिसलं ते एवढंच: ४ नंबर उडाला, पलीकडून ९ नंबर आला, दोन हात वर. मग थाडकन आवाज. मग ४ नंबर जमिनीवर, पांढरी बेंच उभी. आणि माझी शिट्टी.

बेसलाइनवर एक पाऊल, फार तर दीड पाऊल बाजूला सरकलो असतो तर त्या पाठीमागचं दिसलं असतं. आम्हाला हे पहिल्या क्लिनिकपासून शिकवतात, दोन खेळाडूंच्या मधली फट शोधा, डिफेन्सकडे बघा, बॉलच्या मागे धावू नका. मी शिकवतो हे नवीन पोरांना. त्या क्षणी मी जागेवर उभा होतो आणि शिट्टी वाजल्या वाजल्या मला कळलं की मी काही बघितलेलंच नाहीये.

९ नंबर भांडला नाही. त्याने फक्त माझ्याकडे बघून आपला तळहात दाखवला, मग बॉलकडे बोट केलं. "सर, बॉल." मी हात वर करून मूठ दाखवत टेबलकडे निघालो. नऊ, हातावर मारलं, दोन शॉट. पाचवा फाउल, पोरगा बाहेर. सेंटरला जो पार्टनर होता त्याला उघडी बाजू होती, त्याने बॉलला लागलेला हात स्पष्ट बघितला होता, हे त्याने मला मॅचनंतर सांगितलं. त्याच वेळी का नाही आला असं मी विचारलं नाही, कारण नियमच तसा आहे, एका रेफरीने दुसऱ्याच्या निर्णयावर फिरवाफिरव करायची नाही. रिप्ले आमच्या स्पर्धेत नव्हता, जो कॅमेरा होता तो रात्री आम्हाला सोलायला.

दोन्ही फ्री थ्रो आत, ६३-६०. निळे शेवटी चार पॉइंटने हरले. सेंटर नसताना त्यांना शेवटच्या तीन मिनिटांत एकही रीबाउंड धड मिळाला नाही, आणि हे मी टीम म्हणून नाही तर त्याच बास्केटखाली उभं राहून बघितलं.

रात्री सरांसमोर बसलो तेव्हा मी तयारी करून गेलो होतो. अँगल चुकला सर, क्लोज झालं होतं सर, वगैरे. त्यांनी क्लिप लावली आणि एकच विचारलं.

"काय दिसलं?"

"सर, हाताला लागलं असं वाटलं."

"दिसलं का ऐकलं?"

मी गप्प. तळहात बॉलवर आपटला की असा आवाज येतो की लहान मुलालाही वाटावं हाड मोडलं. हातावर मारल्याचा आवाज उलट इतका मोठा येतच नाही. हे मला माहीत आहे, मी स्वतः खेळलोय.

त्यांनी वहीत लिहिलं, चुकीचा कॉल. त्यांचे चारच रकाने असतात: बरोबर कॉल, चुकीचा कॉल, बरोबर नो-कॉल म्हणजे शिट्टी न मारणं बरोबर, आणि चुकीचा नो-कॉल. मला वाटलं झालं, एक चुकीचा कॉल, पण त्यावर पाचवा फाउल गेलाय, एक पॉइंटची मॅच, मी संपलो. पण अर्ध्या मिनिटात ते त्या क्लिपच्या पुढे गेले. मग ३:२० पासून व्हिडिओ आवाज बंद करून सलग चालू ठेवला आणि म्हणाले, बॉलकडे बघू नकोस, स्वतःकडे बघ.

बघितलं. नकोच वाटत होतं बघायला.

त्या फाउलनंतर शेवटच्या हूटरपर्यंत मी एकदाही शिट्टी मारलेली नाही. एकदाही. तीन मिनिटं वीस सेकंद. लीडला असताना मी बेसलाइनपासून दोन पावलं मागे, मग तीन, जणू ते बास्केट मला चावणार आहे. टाचेवर वजन. चार वेळा मान वर करून घड्याळ बघितलं, बॉल चालू असताना. एका रीबाउंडला निळ्यांच्या पोराला पांढऱ्याने पाठीत दोन्ही हातांनी ढकललं, माझ्यापासून दहा फुटांवर, माझ्याच एरियात, काही नाही. नंतर लो पोस्टला म्हणजे बास्केटजवळ कोपर, तीसुद्धा माझीच, आणि ती शिट्टी मारली ट्रेलने म्हणजे खेळाच्या मागे असणाऱ्या रेफरीने, तिकडून, अर्ध्या कोर्टवरून. सरांनी तिथे पॉज केलं. ट्रेलचा हात वर आणि मी त्याच्याकडे बघतोय, चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव. खरंच, हायसं वाटलेलं दिसतंय मला त्या फ्रेममध्ये.

जुन्या शिट्ट्यांत आत दाणा असायचा, तो कधी कधी ऐन वेळी अडकायचा. कॅनडाच्या रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाच्या रेफरीची शिट्टी अशीच मॅचमध्ये मुकी झाली म्हणून त्याने बिनदाण्याची शिट्टी बनवून घेतली, तीच ती फॉक्स ४०, आज जवळपास सगळ्यांच्या गळ्यात असते. म्हणजे शिट्टी वाजली नाही ही सबब आमच्या पिढीला नाही. माझी तोंडातच होती.

सर म्हणाले, "पहिला चुकीचा कॉल एक. त्यानंतरचे तू न दिलेले दोन. आणि पार्टनरला तुझ्या एरियात यावं लागलं. मी सेमीला कुणाला तरी पाठवणार, तो ३८ व्या मिनिटाला चुकला तर ३९ व्या मिनिटाला कोर्टवर असला पाहिजे ना?"

रात्री पावणेअकराला ६ ची लिस्ट लागली. मी नाही. दोन स्टँडबाय असतात, त्यातही नाही. त्या मुलीचं नाव सेमीला, अंपायर दोन.

आता जे पटलं नाही ते सांगतो.

त्याच दिवशी दुसऱ्या क्वार्टर फायनलमध्ये एकाने दुसऱ्या क्वार्टरमध्ये दोन ट्रॅव्हलिंग (बॉल हातात धरून जास्तीची पावलं) सोडल्या आणि एक सरळसरळ शॉट क्लॉक चुकीचा रिसेट करू दिला, आक्रमण करणाऱ्यांनीच रीबाउंड घेतला तेव्हा १४ यायला हवे तर २४ आले आणि टीमने ते वापरून बास्केटही टाकली. ती मॅच ३० पॉइंटने सुटली. कुणाला काय पडलंय. तो सेमीला गेला. पॉइंट म्हणून बघाल तर माझ्या फाउलचे दोन आणि त्याच्या त्या बास्केटचे दोन सारखेच. पण माझे दोन ३:२० ला होते आणि फरक एकचा होता. चूक कितीची यापेक्षा ती कधी आणि कुणाच्या डोळ्यांसमोर यावर बरंच ठरतं, आणि ते आपल्या हातात नसतं. अमेरिकेतल्या एनबीए लीगवाले २०१५ पासून जवळच्या मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांचे सगळे कॉल तपासून रिपोर्ट जाहीर करतात, कुठला बरोबर कुठला चूक, चांगली गोष्ट आहे. पण पाचव्या मिनिटाला कुणी चुकलं तर ते त्या रिपोर्टात नसतंच. त्यांच्याकडेही प्लेऑफला राउंडमागून राउंड रेफरी कमी होत जातात आणि फायनलला १२ उरतात, आणि मला नाही वाटत त्या १२ पैकी कुणी पाचव्या मिनिटाला कधी चुकलाच नसेल.

आणि कधी कधी एकच चूक खरंच पुरते, नंतरची तीन मिनिटं कशी गेली हे कुणी विचारतही नाही. २०१९ चा वर्ल्ड कप, चीनमध्ये, फ्रान्स-लिथुआनिया. शेवटचा अर्धा मिनिट, लिथुआनिया एकने मागे, त्यांच्या वालान्चूनासचा दुसरा फ्री थ्रो रिंगवर नाचतोय आणि फ्रान्सच्या गोबेअरचा हात मध्ये आला. नियमभंग होता, शिट्टी आली नाही, बरोबरी व्हायची ती झाली नाही, फ्रान्सने ७८-७५ ने मॅच काढली. फिबाने नंतर स्वतः मान्य केलं की रेफरी चुकले, आणि त्या तिघांना त्या वर्ल्ड कपमध्ये पुढे एकही मॅच दिली नाही. तिघांना. तिथपर्यंत पोचायला त्या माणसांनी किती वर्षं घातली असतील, किती शटल रन, किती सकाळी नऊच्या मॅचेस, आणि सेकंदापेक्षा कमी वेळाचा एक हात. मी ती क्लिप बघतो तेव्हा हाताकडे बघतच नाही. मी बघतो तिघं कुठे उभे होते आणि त्या जागेवरून मला दिसलं असतं का. खरं सांगू, खात्री नाही.

लिथुआनियाच्या बाजूने विचार केला तर वाटतं बरोबर केलं, एवढी मोठी चूक करून पुढच्या मॅचला तोच रेफरी आला तर कोण विश्वास ठेवेल. रेफरी म्हणून विचार केला तर घशात आवंढा येतो. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकदम पटत नाही, माझ्याने तरी अजून ते जुळलेलं नाही.

६ ची लिस्ट लागल्यावर दुसऱ्या दिवशी निघता आलं असतं, पण मी सेमीला थांबलो. वर बसून बघितलं. त्या मुलीने दुसऱ्या क्वार्टरमध्ये एक ब्लॉकिंग म्हणजे वाट अडवल्याचा फाउल दिला, चुकलाच होता, वरून मला सुद्धा दिसला, बचाव करणारा आधीच जागेवर उभा होता. कोच ओरडला, हॉल ओरडला. पुढच्या पझेशनला म्हणजे पुढच्या चढाईला ती लीडला आली, बेसलाइनवर एक पाऊल सरकली, वाकून त्या दोघांच्या मधली फट बघितली आणि तिथे एक बारीकसा, कुणालाही न दिसणारा हात पकडलेला होता त्यावर शिट्टी मारली. ताबडतोब. तो कॉल शंभर टक्के बरोबर होता आणि त्याला आधीच्याची भरपाई म्हणता येत नव्हतं कारण तो त्याच टीमच्या विरुद्ध गेला होता ज्या टीमवर आधी अन्याय झाला होता. कोच तर वेडाच व्हायचा बाकी होता. माझ्या शेजारी सर बसले होते, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी वाकून बघायचा प्रयत्न केला, त्यांनी वही मिटली.

घरी आल्यावर मी ती माझी तीन मिनिटं वीस सेकंद कितीदा बघितली याला गणती नाही. आवाज बंद करून. वर्षभर सराव मॅचेसना मी एक सवय लावून घेतली, चुकीचा कॉल गेला असं वाटलं की पुढच्या पझेशनला मुद्दाम एक पाऊल बेसलाइनच्या जवळ जायचं, मागे नाही. पाय हलले की डोकं येतं मागून. सुरुवातीला हास्यास्पद वाटायचं, प्रत्येक शंकेला एक पाऊल पुढे, एकदा तर खेळाडूच अंगावर आला.

पुढच्या वर्षी परत बोलावलं. शटल रन झाली, पेपर झाला, रात्री लिस्ट आली. पहिला दिवस, संध्याकाळ, माझं नाव अंपायर दोन, आणि एक टीम तीच, निळी.

जंप बॉलच्या आधी सगळे हात मिळवतात तेव्हा ९ नंबर माझ्यासमोर आला. आणखी रुंद झाला होता. हात हातात धरूनच म्हणाला, "सर, आज पाच होऊ देऊ नका हं."

दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याचा पहिला फाउल मीच दिला. त्याने तळहात वर केला, बॉलकडे बोट करायला गेला आणि मधेच हात खाली घेतला. रात्री व्हिडिओवर सगळ्यात आधी तीच क्लिप शोधली मी. मनगटावर होता.